हुलग्याच्या दिवसांतला रस्ता

खुटेवाडी ते तालुका हा एकतीस किलोमीटरचा रस्ता गेल्या तीस दिवसांत चारशे बारा वेळा हलला होता. निदान तनुजा ओंबासेच्या समोरच्या पडद्यावर तरी तसं लिहिलेलं होतं. रस्ते असे उठून इकडेतिकडे जात नाहीत हे कुणालाही कळतं, पण यंत्राला ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगण्याचाच तनुजाला पगार मिळत होता.

साताऱ्यातल्या ‘भूरेखा’ या कंपनीत ती नकाशा-तपासनीस होती. चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्यांची नवलाई एव्हाना ओसरली होती. जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरचं दूध त्याच नेत, माणसंही त्याच नेत, आणि या गाड्यांसाठी लागणारा नकाशा भूरेखा पुरवत असे. हा नकाशा म्हणजे भिंतीवर टांगायचा नकाशा नव्हे. त्यात रस्त्याची प्रत्येक कड, प्रत्येक मोरी, विजेचा प्रत्येक खांब वीतभराच्या अचूकतेने नोंदलेला असे.

गाडीला स्वतःचे डोळे असतातच. कॅमेरे असतात, लेझरचे किरण सोडून अंतर मोजणारी यंत्रं असतात. मग नकाशा कशाला, असं तनुजाला गावाकडचे लोक नेहमी विचारत. ती त्यांना सांगे, दिवे गेले की आपण घरात कसे वावरतो ते आठवा. माठ कुठे, उंबरा कुठे, हे पाठ असतं म्हणून आपण सरळ जातो. थोडंफार दिसत असतं, पण चालतो ते आठवणीच्या भरवशावर. नकाशा ही गाडीची आठवण. उपग्रह गाडीला सांगतो की तू साधारण इथे आहेस, दोनतीन मीटर इकडेतिकडे. मग गाडी आपल्या डोळ्यांनी खांब आणि मोऱ्या बघते, आठवणीशी जुळवते आणि स्वतःची नेमकी जागा ठरवते. एवढं झालं की ती बिनघोर पळते. पण कुणी वाटेत स्टूल आणून ठेवलं, तर पाठ असलेल्या घरातही नडगी फुटतेच.

म्हणून नकाशा रोज दुरुस्त होत राही. जाणारी गाडी जे पाही ते आठवणीशी जुळलं नाही, तर ती तशी नोंद पाठवी. तीन नोंदी एकसारख्या आल्या की नकाशा आपोआप बदले. फारच गोंधळ झाला की तो रस्ता लाल रेघेने तपासनिसाकडे येई. तपासनिसापुढे तीन बटणं असत: मान्य, अमान्य आणि जागेवर जाऊन पाहणे. चार वर्षांत तनुजाने तिसरं बटण इतक्या वेळा दाबलं होतं की ऑफिसात तिला ‘पायपीट मॅडम’ म्हणत. कुठल्याशा पाड्यावरच्या एका वळणासाठी ती दीड दिवस घालवून आली होती, तेव्हा तिचे साहेब, फडतरे सर, कपाळाला हात लावून बसले होते.

आजची लाल रेघ मात्र तिच्या स्वतःच्या गावची होती.

खुटेवाडीत तिचे आईवडील राहत. वडील बबन ओंबासे, तिचे आबा आणि गावाचे बबननाना, यांनी तीस वर्षं त्याच रस्त्यावर वडापची जीप चालवली होती. दहा माणसांच्या जागेत सतरा माणसं बसवून त्यांनी अख्खा पट्टा बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला नेला आणि परत आणला. पुढे काचबिंदूने डोळे गेले, म्हणजे पुरते गेले नाहीत, पण दोन अरुंद नळ्यांतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसे. लायसन गेलं. त्याच सुमारास चालकाशिवायच्या गाड्या आल्या आणि वडापही गेली. आईची, शालनची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ‘सुगम’ नावाच्या सेवेची गाडी दारात येई, दोघांना तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात नेई आणि दुपारी परत आणून सोडी.

ही गाडी होती म्हणून आई खुटेवाडीत राहू शकत होती. नसती तर तिला साताऱ्यात तनुजाकडे यावं लागलं असतं. तिथे केंद्र घरापासून पाच मिनिटांवर होतं. तनुजा दोन वर्षं हेच मागत होती. मागची खोली तिने रंगवून ठेवली होती, उंच पलंग आणला होता, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला होता. आई दर वेळी काहीतरी कारण काढी. कधी शेळी व्यायची असे, कधी मिरच्या वाळत असत. खरं कारण एकदाच बोलली होती. तुझ्या आबांना तिथं कोण ओळखतंय, म्हणाली होती.

तनुजा लाल रेघेकडे बराच वेळ पाहत राहिली. कारणापुढे ‘कड अस्थिर’ असं लिहिलं होतं. नियम स्पष्ट होता. महिन्यात तीनशेहून अधिक बदल असतील तर रस्ता अमान्य करता येतो, आणि आठ दिवसांच्या सूचनेनंतर त्यावरच्या गाड्या बंद होतात. तिसरं बटण तिथेच होतं. तिने एकदा आजूबाजूला पाहिलं, आपल्याला कुणी पाहत नाही ना याचा अंदाज घेत, आणि ‘अमान्य’वर बोट ठेवून सही केली. आठ दिवस पुरेत, असा तिने हिशेब केला. आठ दिवसांत दोघांना घेऊन येता येईल. नियमाबाहेर तिने काहीच केलं नव्हतं, आणि तरीही दुपारचा डबा तिला गेला नाही.

तो सोमवार होता; संध्याकाळी ती गावी पोचली. जेवताना तिने बातमी सांगितली. शालनला ते नीट कळेना. रस्ता बंद कसा होईल, दूधगाडी तर सकाळी आली होती की, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. बबननाना मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. त्यांनी एवढंच विचारलं की हे कुणी ठरवलं. कंपनीने, असं तनुजा म्हणाली. ते खोटं नव्हतं, आणि हे तिने मनातल्या मनात स्वतःला दोनदा बजावलं.

मंगळवारी सकाळी सातला गाडी यायची होती. ती आली नाही.

नियमात आठ दिवस होते, पण गाड्या सोडणाऱ्या यंत्रांना, सुगमच्या काय आणि दूधगाडीच्या काय, नियम वाचायची सवय नव्हती. रात्री नकाशात रस्ता ‘अमान्य’ दिसताच त्यांनी सगळ्या फेऱ्या रद्द करून टाकल्या होत्या. चावडीपाशी लोक दुधाचे कॅन घेऊन ताटकळत उभे होते. तनुजा त्यांच्यासमोरून फोनवर बोलत गेली तेव्हा कुणी तिला काही विचारलं नाही, उलट कसं आहे आईचं म्हणून चौकशी केली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारनंतरचा मंगळवार हा आईसाठी नेहमीच वाईट. मध्ये तीन दिवसांचं अंतर पडे आणि अंगात पाणी साठे. आजही तिचा चेहरा सुजला होता, पाय खांबासारखे झाले होते, आणि रात्र तिने भिंतीला टेकून बसून काढली होती, कारण आडवं झालं की श्वास लागे. तिची वेळ नऊची होती. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, साडेनऊपर्यंत थांबते, त्यानंतर यंत्र दुसऱ्या पेशंटला द्यावं लागेल, आणि पुढची रिकामी जागा उद्या संध्याकाळची आहे. आईला उद्या संध्याकाळपर्यंत थांबता येईल असं तिच्याकडे पाहून वाटत नव्हतं.

रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन साताऱ्याला गेली होती, यायला अडीच तास लागणार होते. गावात गाडी चालवू शकणारे दोघेच उरले होते आणि ते ऊसवाहतुकीवर गेले होते. तनुजाला स्वतःला चालवता येत नव्हतं. तिच्या वयाच्या फारशा कुणालाच येत नव्हतं, कधी गरजच पडली नव्हती. जिल्ह्यातल्या साडेचार हजार किलोमीटर रस्त्यांवर सही करणारी ही मुलगी आयुष्यात एकदाही चाकामागे बसली नव्हती.

ती फोनवरून फोन करत होती तेवढ्यात गोठ्यामागून घरघर ऐकू आली. आबांनी जुन्या जीपवरची ताडपत्री ओढली होती आणि इंजीन सुरू केलं होतं. ती धावत जाऊन जीपच्या पुढे उभी राहिली.

“आबा, उतरा. तुम्हाला दिसत नाही.”

“रस्ता बगायचाय कुणाला? त्यो पाठ हाय मला.”

“आणि रस्त्यावर जे काही आडवं येईल ते?”

“त्ये तुझी आई बगंल,” नाना म्हणाले. “बस मागं. आठ वाजत आलं.”

शालन फाइल मांडीवर घेऊन आधीच पुढच्या सीटवर बसली होती. ती ज्या सराईतपणे बसली होती, त्यावरून तनुजाच्या लक्षात आलं की हे आज पहिल्यांदा घडत नाही. तिने आईकडे नुसतं पाहिलं. शालन म्हणाली की चारदा गेलोय, गाडी बिघडली तेव्हा, आणि तुला सांगितलं असतं तर तू साताऱ्याहून बोंब मारत आली असतीस. मग दम लागला म्हणून ती थांबली. कायद्याने तिघांनाही आत टाकायला हवं होतं. तनुजा मागे चढली आणि दोन्ही सीटच्या मधल्या दांड्याला घट्ट धरून बसली.

जीप निघाली. वेग बैलगाडीहून थोडा जास्त, एवढाच. पहिले चार किलोमीटर नाना एकटेच बोलत होते, आणि बोलत होते ते बायकोशीही नाही, रस्त्याशी. आता उतार, आता डावीकडे झुकलेलं वळण, आता पाइपाची मोरी, मोरीनंतर खड्डा. ते सांगत आणि रस्ता मुकाट्याने तसा तसा समोर येत जाई. त्यांचे डोळे समोर लागलेले असत, पण त्यांचा फारसा उपयोग होत नसावा. हात मात्र क्षणभर आधीच वळत. शालन या वेळात गप्प होती. तिला म्हणे रस्ते कधीच कळले नाहीत, एकटी सोडली तर ती स्वतःच्या माहेरालाही पोचली नसती. पण नजर अशी की सुईच्या नेढ्यात पहिल्या झटक्यात दोरा जाई.

एका शेळीपाशी, एका सायकलपाशी ती दोनच शब्द बोलली आणि नानांनी तेवढ्यावर जीप सावरली. मग शिरढाणची वस्ती जवळ आली तसा त्यांनी वेग आणखी कमी केला.

“आता तू,” ते म्हणाले.

“तुमी गप बसा मग,” शालन म्हणाली, आणि पुढचा अर्धा किलोमीटर एकटी तीच बोलत राहिली. डाव्या अंगाला हुलगा टाकलाय, उजवीकडनं घ्या. अजून उजवीकडं. म्हातारी बसलीया कडंला. आता सरळ. ऱ्हावा. कुत्रं गेलं. चला.

तनुजा दांड्यावरचा हात काढून पुढे वाकली. हुलगा, म्हणजे कुळीथ, रस्त्यावर टाकणं तिला नवीन नव्हतं. या भागात मार्गशीर्षात हुलगा काढला की वाळलेली झाडं डांबरी रस्त्यावर पसरतात. वरून गाड्या जातात, शेंगा फुटतात, दाणे सुटे होतात आणि मळणीची मेहनत वाचते. ती लहान असताना आबाच मुद्दाम जीप हुलग्यावरून नेत आणि माणसं जाता जाता हात वर करत. पण आज हुलग्याच्या कडेने काहीतरी वेगळं होतं. चुन्याने रंगवलेले पांढरेशुभ्र दगड एका ओळीत, हातभर अंतराने, थेट वस्तीच्या टोकापर्यंत लावलेले होते.

तिने जीप थांबवायला लावली. हुलग्याशेजारी काठी घेऊन बसलेले बापू दडस उठून आले. त्यांनी आधी शालनला कसं आहे ते विचारलं आणि मग दगडांबद्दल मोठ्या अभिमानाने सांगितलं. शालनवहिनींच्या गाडीला डायवर नाही, तिला बिचारीला हुलगा दिसायचा कसा, म्हणून वाटेवरच्या साती वस्त्यांनी मिळून ठरवलं की कडेने दगड मांडायचे. बायकांनी चुना कालवून दिला. रोज हुलग्याची जागा बदलते, आज डावीकडे टाकला की उद्या उजवीकडे, ऊन बघून. तर दगडही रोज हलवतो. एक दिवस चुकवला नाही, असं ते म्हणाले.

तनुजाला हसावं की रडावं ते कळेना. गाडीला हुलगा दिसतच होता. वीतभर जाडीचा मऊ थर आहे, बाजूने जावं, एवढं कळायला तिचे डोळे पुरेसे होते. पण ओळीने मांडलेले पांढरे दगड तिच्या लेखी रस्त्याची कड होते, कारण रस्त्यांच्या कडेला असेच चुना लावलेले दगड असतात. दूधगाडी, सुगमची गाडी, खताची गाडी, तिघींनीही प्रामाणिकपणे कळवलं होतं की रस्त्याची कड सरकली आहे. तीन नोंदी, नकाशा बदल. दुसऱ्या दिवशी ती उजवीकडून सरकली, पुन्हा तीन नोंदी. सात वस्त्या, महिनाभर, न चुकता. बबननानांनी तीस वर्षं ज्यांना आणलं-नेलं, त्या माणसांनी त्यांच्या बायकोवरच्या मायेने रोज सकाळी तिचाच रस्ता पुसला होता. आणि शेवटची रेघ तनुजाने स्वतःच्या हाताने मारली होती, तीही मायेनेच.

पुढचा प्रवास तिने दोघांकडे लक्ष देऊन केला. नाना सांगत, शालन गप्प. मग वस्ती आली की ‘आता तू’, आणि नाना गप्प. कुणी कुणाचं मध्येच तोडत नव्हतं. तनुजाने विचारलं, की पाठ रस्ता सोडून आईवर सोपवायचं हे तुम्ही कुठे ठरवता.

“हुलग्याच्या दिवसांत ह्या सात जागी माझं काय खरं न्हाय,” नाना म्हणाले. “बाकी सगळीकडं हाय. कुठं खरं न्हाय एवढं ठावं असलं म्हंजे गाडी चालवता येती.”

नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी केंद्राच्या दारात जीप उभी केली. शालनला आत नेलं, सुया लागल्या, यंत्र सुरू झालं, आणि तनुजा बाहेर बाकावर बसून हुंदके देऊन रडली. नाना शेजारी बसून होते. त्यांनी तिला चहा आणून दिला आणि बशीत ओतूनही दिला, लहानपणी देत तसा.

मग तिने फडतरे सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाव माझं होतं, तरी फाइल दुसऱ्याकडे दिली नाही, जागेवर गेले नाही, आणि का गेले नाही तेही. सरांनी थंडपणे सांगितलं की याचा मेमो निघेल. तनुजा म्हणाली की निघू द्या, पण थोड्या वेळाने पुन्हा फोन करते तेव्हा माझं ऐका.

आईचं डायलिसिस संपायला चार तास होते. नानांना सात जागा एकेक विचारून तिने उतरून घेतल्या. कुठल्या मोरीपासून कुठल्या खांबापर्यंत, कुठल्या आठवड्यात कोण टाकतं, ऊन कुठल्या बाजूला राहतं. नानांना तीस वर्षांचं तोंडपाठ होतं. मग तिने सरांना पुन्हा फोन केला. आपल्या नकाशात ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्याच गोष्टी आहेत, ती म्हणाली, ‘कधीकधी’ला जागाच नाही. कधीकधी असलेली गोष्ट नकाशा आधी आहे म्हणून धरतो, मग नाही म्हणून पुसतो, आणि शेवटी रस्त्यालाच वेडा ठरवतो. म्हणून या सात पट्ट्या ‘सैल’ म्हणून नोंदू. सैल पट्टीत गाडीने कडांच्या आठवणीवर विसंबायचं नाही. वेग पंधरावर आणायचा आणि फक्त डोळ्यांचं ऐकायचं. तिथून आलेल्या नोंदींनी नकाशा बदलायचा नाही. पट्टी संपली की पुन्हा आठवण.

सरांना ते पटेना. आपण नकाशा विकतो, त्यात ‘आम्हाला माहीत नाही’ असं लिहून द्यायचं म्हणजे धंद्याला टाळं, असं त्यांचं म्हणणं होतं.

“सर, माझ्या वडिलांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही,” तनुजा म्हणाली. “आज त्यांनी आम्हाला एकतीस किलोमीटर आणलं. त्यांना रस्ता पाठ आहे म्हणून नाही आणलं. तो कुठे पाठ नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून आणलं.”

सरांनी आधी वडिलांना पुन्हा चाकामागे बसू देऊ नकोस असं दरडावलं. मग पंधरा दिवसांची परवानगी दिली, पहिल्या फेरीत तनुजाने स्वतः गाडीत बसायच्या अटीवर, आणि तनुजाने आपली सही मागे घेतली. परत जाताना जीपला तालुक्यातला एक ड्रायव्हर भाड्याने घेतला. नाना शेजारी बसले आणि त्या बिचाऱ्याचा क्लच कसा चुकतो हे खुटेवाडी येईपर्यंत त्याला सांगत राहिले.

बुधवार दगडांत गेला. सात वस्त्यांमध्ये हिंडून तनुजाने दगड उचलायची विनंती केली आणि सातही ठिकाणी माणसं थोडी दुखावली. बापू दडस तर म्हणाले की आमचा चुना फुकट गेला त्याचं काही नाही, पण वहिनींच्या गाडीला दिसायचं कसं. तिला दिसतं, तुम्ही नुसता हुलगा टाका, असं तनुजाने समजावलं. सही आपली होती हेही तिने सातही ठिकाणी सांगितलं. बापूंनी ते ऐकून घेतलं आणि आत जाऊन तिच्यासाठी शेंगदाणे आणले. दगड मात्र त्यांनी टाकून दिले नाहीत, अंगणात तुळशीभोवती मांडले.

गुरुवारी सातला गाडी आली. नाना पुढे बसले, तनुजा आणि आई मागे. शिरढाणच्या अलीकडे गाडीने आपणहून वेग उतरवला. रस्त्याच्या उजव्या अंगाला हुलगा पसरला होता आणि दुतर्फा माणसं तमाशा बघायला उभी होती. गाडी थांबली. आता ती परत फिरली तर नकाशा, नोकरी आणि आईचं गाव, सगळं एकदमच जाणार होतं. गाडी तशीच उभी राहिली, कुणी चारचौघांत उठून बोलायच्या आधी घसा साफ करावा तशी. मग हळूच डावीकडे झाली आणि हुलग्याच्या कडेवरून एक चाक नेत पुढे गेली. शेंगा कुडकुड फुटल्या. लोकांनी हात वर केले, आणि नानांनीही काचेतून हात वर केला, जरी त्यांना कोण कुठे उभं आहे ते दिसत नव्हतं.

बाकी सहा पट्ट्या अशाच पार पडल्या. दुपारी परत येताना शालन थकली होती, पण सूज उतरली होती आणि श्वास मोकळा होता. पंधरा दिवस असं चाललं तर रस्ता कायमचा मान्य होणार होता. म्हणजे आई साताऱ्याला येणार नव्हती. तनुजाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळत होत्या, आणि त्या आता तिला आत ठेवता येईनात.

“आई, रस्ता बंद करायची सही माझी होती. तपासायला येता आलं असतं. मी आले नाही. तू माझ्याकडे यावीस म्हणून.”

“ठावं हाय. तुजं आबा त्याच राती म्हनालं, पोरीनंच केलं आसंल.”

पुढच्या सीटवर नानांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

“आन आता?” शालनने विचारलं. “आता नगं व्हय मी तुला?”

“हवी आहेस. मंगळवारी होतीस त्याच्यापेक्षा जास्त हवी आहेस.”

“मग सही का मागं घेतलीस?”

बाहेर एक वस्ती मागे पडली आणि गाडीने पुन्हा वेग धरला. तनुजाने आईचा सुया टोचून टोचून खडबडीत झालेला हात दोन्ही हातांत घेतला.

“साताऱ्यात केंद्र पाच मिनिटांवर आहे, आई. पाच मिनिटांत तुम्ही दोघं एकमेकांना काय सांगितलं असतंत?”

शालनने लेकीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि ते तिथेच धरून ठेवलं. खुटेवाडी यायला अजून अकरा किलोमीटर होते, आणि तनुजाला वाटत होतं की आज तेवढे पुरणार नाहीत.